हौदाला सुट्टी

(पडद्यावर: पहाटेचा अंधार, अंगणातला हौद. पाण्याच्या वर आलेली, उघडझाप करणारी तोंडं.)

नागपुरात कोई, म्हणजे शोभेचे रंगीत जपानी मासे, पाळणाऱ्या कोणालाही विचारा, वर्षातली सगळ्यात वाईट वेळ कोणती? तो मे महिना म्हणणार नाही. मे इथे सगळ्यांचाच वाईट जातो. तो म्हणेल, पहाटेचे चार.

दिवसा हौदातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने प्राणवायू ओढायला लागतं, आणि उजाडायच्या आधी पाण्यातला साठा तळाला गेलेला असतो. त्यात पाणी गरम. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी 32 अंशांवर गेलं की जेमतेम 7. माशाची गरज मात्र गरम पाण्यात वाढलेली असते. अशा रात्री लाईट गेली आणि एअर पंप बंद पडला, तर झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत सगळं आटोपतं.

यात एक क्रूर भाग आहे. मोठे मासे आधी जातात. बोटभर पिल्लं पृष्ठभागाजवळच्या थोड्याशा हवेवर तग धरतात; दोन फुटांचा मासा धरू शकत नाही. म्हणजे सकाळी जो उलटा तरंगताना दिसतो, तो नेमका सगळ्यात जुना असतो. ज्याला वर्षानुवर्षं हाताने दाणे भरवले, तोच.

(पडद्यावर: त्रिमूर्तीनगरातलं एक बैठं घर. सीताफळाचं झाड. हिरव्या जाळीखाली हौद.)

हे काका बँकेतून निवृत्त झाले. त्यांनी नाव द्यायला नको म्हटलं. "मासे मेल्याची बातमी काय छापायची," असं त्यांचं म्हणणं. आठ हजार लिटरचा हौद त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला. पहिले मासे कोलकात्याहून थर्माकोलच्या डब्यात, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत आले. त्यातली एक पांढरी, डोक्यावर आणि पाठीवर लाल ठिपके असलेली कोहाकू. आली तेव्हा करंगळीएवढी होती. गेली तेव्हा स्टीलच्या बादलीत मावेना. शेपूट बाहेर राहिलं, आणि सीताफळाखाली खड्डा खणेपर्यंत ते शेपूट वाळून कागदासारखं कडक झालं. बाहेर 45 अंश होते. खड्डा खणायलाही वेळ लागतो हो, इथली काळी माती उन्हाळ्यात दगड होते.

त्या रात्री लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, हे काकांना आजही मिनिटांसकट आठवतं. पण त्यांची गोष्ट त्या रात्रीची नाही. ती पुढच्या महिन्याची आहे.

लाईट आल्यावर त्यांनी घाईने फिल्टर सुरू केला. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. पाणी तासन् तास थांबलं की ते मरतात, आतला गाळ सडतो, आणि पंप सुरू होताच ती सगळी घाण हौदात येते. जाणकार आधी फिल्टरचं पाणी नालीत सोडतात, मगच जोडणी करतात. पण पहाटे पाच वाजता, हातात मेलेला मासा असताना, जाणकार कोण असतं?

माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया हे जिवाणूच संपवतात. ते मेले, मग अमोनिया वाढला. आता हा अमोनिया सरळ वागत नाही. पाण्याचा पीएच (आम्ल-क्षारपणाचं माप) 7.4 आणि तापमान 25 असेल, तर एकूण अमोनियातला विषारी भाग शंभरात दीडच्या आसपास असतो. पीएच 8.4 आणि तापमान 32 झालं, की तोच भाग शंभरात एकोणीसवर जातो. टेस्ट किटची बाटली दोन्ही वेळा एकाच रंगाची दिसते. नागपूरच्या उन्हाळ्यात हौदातलं रोज सेंटीमीटरभर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, वरून बोअरिंगचं जड पाणी घालायचं. पीएच वर जाणारच. पंधरा दिवसांत आणखी चार मासे गेले.

(पडद्यावर: घराची मागची खिडकी. बंद.)

या खिडकीत कुलर होता. काकांनी तो काढून पलीकडच्या खोलीत लावला. घरच्यांना सांगितलं, तिकडे हवा चांगली येते. खरं कारण एवढंच, की या खिडकीतून हौद दिसायचा.

"मी काही रडलो वगैरे नाही," ते सांगतात. "फक्त जावंसंच वाटेना. दाणे आमची ही टाकायची. टेस्ट किटवर धूळ बसली. कोणी विचारलं, काका मासे कसे आहेत, तर अंगावर यायचं. मी म्हटलं, विकून टाकतो सगळं, नाहीतर फुटाळा तलावात नेऊन सोडतो. ते तिकडे मोकळे, मी इकडे मोकळा."

फुटाळ्यात सोडायचं हे अनेकांच्या मनात येतं, म्हणून इथे थांबून सांगायला हवं: सोडू नका. कोई हा मुळात कार्पच. तळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो, झाडोरा उपटतो, आणि आपल्या हौदातले रोग तलावातल्या माशांना देतो. काकांनी सोडले नाहीत, पण ते पर्यावरणाच्या विचाराने नव्हे. इतके मासे उचलून न्यायचाही त्यांना कंटाळा आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, ती फक्त नोकरीच्या संदर्भात. कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण, त्यातून येणारा थकवा, कामाबद्दलचा दुरावा, आपल्याकडून काही होत नाही ही भावना. छंदाला त्यात जागा नाही. हे काकांना सांगितलं तर ते पहिल्यांदा मनापासून हसले. "नोकरीत सीएल तरी होती!"

हसण्यावारी गेलेलं हे वाक्य आम्ही चित्रीकरणभर डोक्यात घेऊन फिरलो. कारण ज्या देशातून हा छंद आला, तिथे त्याला सुट्टी आहे.

(पडद्यावर: नकाशा. जपान, निइगाता प्रांत, यामाकोशी.)

निइगाताच्या डोंगरात भातशेती करणारे शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांत रंगीत मासे दिसायला लागले, आणि लोकांनी ते निवडून वाढवले. 1914 मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात बाहेरच्या जगाने ते पाहिले. आजही तिथले व्यावसायिक मासे उन्हाळाभर डोंगरातल्या मातीच्या तळ्यांत सोडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास तळी उपसून मासे घरातल्या टाक्यांत आणतात. मग बर्फ पडतो, काही ठिकाणी माणसाच्या उंचीच्या वर. जिथे हौद उघड्यावर असतो, तिथे पाणी 10 अंशांच्या खाली गेलं की मासा खाणं सोडतो आणि तळाशी जाऊन बसतो. दाणे नाहीत, म्हणून घाण नाही, म्हणून फिल्टरची धावपळही नाही. मासा थांबतो आणि त्याच्यासोबत माणूसही.

नागपूरच्या वर्षात अशी फट कुठे आहे? मार्चपासून ऊन. मेअखेरीस नवतपा, सगळ्यात तापणारे नऊ दिवस. जूनमध्ये पहिला पाऊस गच्चीवरची वर्षभराची धूळ घेऊन हौदात. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत शेवाळ मरतं आणि पाण्याचा वास बदलतो. सप्टेंबरात कधी काय होईल सांगता येत नाही. ऑक्टोबर हीट. मग डिसेंबर. थंडी पडते, पण बोचरी थंडी हवेला. रात्री पारा दहाच्या खाली आला तरी हौदातलं एवढं पाणी एका रात्रीत तेवढं गार होत नाही, आणि दुपारचं ऊन आहेच. मासे थोडे मंदावतात, पण खायला मागतातच. वर्ष संपतं, आणि माणसाने हौदाकडे एक दिवसही पाठ केलेली नसते.

मासे मेल्याने माणूस मोडतो असं आपण समजतो. आम्ही ज्या लोकांशी बोललो, त्यांना मृत्यूने दुखावलं होतं, पण मोडलं होतं ते या न थांबणाऱ्या पहाऱ्याने. विदर्भात लग्नं ऐन मे महिन्यात. हे लोक लग्नाला जात नाहीत. "आर्वीला साळ्याच्या पोरीचं लग्न होतं, मी इथे नळी धरून बसलो," काका सांगतात. साळा अजून बोलत नाही.

(पडद्यावर: अंबाझरी तलावाचा सांडवा. नाग नदीकाठची वस्ती.)

हा छंद सोडलेल्या एका ताईही आम्हाला भेटल्या. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्यांच्या अंगणातला हौद आणि रस्ता एका पातळीत आले. पाणी उतरलं तेव्हा हौदात चिखल होता आणि एक चप्पल. मासे नदीच्या वाटेने गेले.

लोकांनी त्यांना धीर दिला, पुन्हा सुरू करा, हरू नका. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "घरातले गाद्या-फ्रिज सगळे गेले होते, आणि लोक मला माशांसाठी जिद्द ठेवायला सांगून राहिले होते." त्यांनी हौदात माती भरली. आज तिथे कढीपत्ता, गवती चहा आणि सांबार (कोथिंबीर) आहे. आमच्या मते हाही चांगला शेवट आहे, आणि तो हार मानल्यासारखा दाखवायची आमची इच्छा नाही.

जिद्दीची गोष्ट हवीच असेल तर ती यामाकोशीतच आहे. 23 ऑक्टोबर 2004 ला तिथे भूकंप झाला. डोंगर घसरले, तळी फुटली, वीज गेली आणि टाक्यांतले मासे गुदमरून मेले. सगळं गाव हलवावं लागलं. वाचलेले काही मासे हेलिकॉप्टरने बाहेर काढले. गावकरी परतायला दोन-तीन वर्षं लागली, पण कोई तिथे पुन्हा उभा राहिला. मात्र त्यांच्यासाठी तो पोटाचा धंदा होता, आणि अख्खं गाव एकत्र होतं. त्रिमूर्तीनगरात पहाटे चार वाजता काका एकटे असतात. त्यांना त्या गावाचं उदाहरण देणं म्हणजे अन्याय आहे.

(पडद्यावर: हौदाजवळ काका. हातात टेस्ट किट.)

काका परतले ते एका साध्या हिशोबामुळे. मोठ्या कोईला निदान हजार लिटर पाणी हवं, असं जुने हौशी मानतात. आठ हजार लिटरमध्ये त्यांच्याकडे वीसच्या वर मासे होते. त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. दर हिवाळ्यात डबा आला की दोन तरी घ्यायचेच. उरलेल्यांतले काही त्यांनी ओळखीच्या दोन हौशींना दिले. विकले नाहीत, कारण भाव करायचा उत्साह नव्हता. आता आठ आहेत. मासे कमी झाले तसा अमोनिया कमी झाला, आणि चुकीला जागा मिळाली. 40 वॅटचा एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवर टाकला. तेवढ्यावर तो रात्रभर चालतो. काकांच्या मिसेसने त्यावर एकच अट घातली, की इन्व्हर्टरवर आधी बेडरूमचा पंखा, मग मासे. वायरमनने दोन्ही जोडले.

आणि त्यांनी हौदाला सुट्टी लावली. निइगाताचा हिवाळा इथे येणार नाही, तर तो आणायचा. डिसेंबर-जानेवारीत दाणे दोन दिवसांआड. नवीन मासा घ्यायचा नाही, बांधकाम काढायचं नाही, यूट्यूबवर दुसऱ्यांचे हौद पाहायचे नाहीत. ही शेवटची अट सगळ्यात अवघड गेली म्हणतात. गावाला जायचं असेल तर सरळ जायचं. मोठा, धडधाकट कोई आठवडाभर उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. धोका असतो तो प्रेमाने मूठ-मूठ दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्याचा. त्यामुळे शेजारच्या पोट्ट्याला दाण्यांचा डबा दिलेलाच नाही. त्याचं काम एकच: सकाळ-संध्याकाळ बुडबुडे येत आहेत का ते पाहायचं आणि फोन करायचा.

तेलंगखेडीत मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, हे काकांना इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी मासा आजारी पडला तर तिथे विचारायला जायचं त्यांनी ठरवलंय. तोवर इंटरनेटवरच्या दहा औषधांपैकी एकही टाकायचं नाही. खडे मीठ तेवढं घरात आहे.

कुलर अजून पलीकडच्या खोलीतच आहे. आम्ही विचारलं, आता परत या खिडकीत लावणार का? काका म्हणाले, नाही, तिकडे हवा खरंच चांगली येते.

परवा दुकानदाराचा फोन आला, कोलकात्याहून डबा येऊन राहिलाय, एक शोवा (काळा-लाल-पांढरा कोई) आहे, काळा एकदम शाईसारखा, पाहून तरी जा. काकांनी फोटो मागवला, मोठा करून पाहिला, मिसेसला दाखवला. मग दुकानदाराला सांगितलं, फेब्रुवारीत विचार.