निरोप पलीकडे पोहोचतो तेव्हा

मोठ्या संस्थेत चॅटचं साधन निवडायचं ठरलं की पहिली बैठक ठरलेल्या प्रश्नाने सुरू होते: यातलं चांगलं कोणतं? मग तुलनेचे तक्ते निघतात. कुणाचा व्हिडिओ कॉल बरा, कुणाचं सर्च वेगवान, कुणाचं बिल कमी. अशा बऱ्याच बैठकांना मी बसलो आहे, आणि तिथे मी आधी एवढंच विचारतो, की उद्या हे बंद पडलं किंवा आपल्याला नकोसं झालं, तर आपलं बोलणं आपल्याबरोबर बाहेर येणार का?

असं घडलेलं आहे. हिपचॅट या ऑफिसातल्या चॅटच्या साधनाचे हक्क ॲटलासियन कंपनीने २०१८मध्ये स्लॅक या दुसऱ्या चॅट साधनाच्या कंपनीला विकले आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हिपचॅट बंद झालं. मायक्रोसॉफ्टचं स्काइप फॉर बिझनेस ऑनलाइन ३१ जुलै २०२१ला संपलं. मेटाने वर्कप्लेस हे आपलं ऑफिससाठीचं साधन गुंडाळत असल्याचं मे २०२४मध्ये जाहीर केलं. यातल्या प्रत्येकावर कुणीतरी वर्षानुवर्षांचे निर्णय लिहून ठेवले होते.

दुसरी गोष्ट, एकच साधन सगळ्यांनी वापरायचं हे ठरावात राहतं. इंजिनिअर स्वतःचं स्लॅक घेऊन येतात. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस सॉफ्टवेअरबरोबर टीम्स हे त्यांचंच चॅटचं साधन आयतं मिळालेलं असतं, आणि आयतं मिळालेलं बाजूला ठेवायला कुणी धजत नाही. यावरच स्लॅकने २०२०मध्ये युरोपियन आयोगाकडे तक्रार केली होती. २०२३मध्ये युरोपात आणि २०२४मध्ये जगभर मायक्रोसॉफ्टने टीम्स वेगळं विकायला सुरुवात केली. त्यातच दोन कंपन्या एकत्र आल्या, की साधनं दोनाची चार होतात.

ईमेलमध्ये हा त्रास नाही, कारण १९८२पासून एसएमटीपी हा सामायिक नियम आहे. तुमचा सर्व्हर कुणाचाही असो, पत्र पोहोचतं. चॅटलाही असा नियम मिळत होता. १९९९मध्ये सुरू झालेल्या जॅबर या खुल्या चॅट प्रकल्पातून एक्सएमपीपी हा नियम आला, २००४मध्ये तो अधिकृत मानक झाला. पण मोठ्या कंपन्यांनी दारं एकेक करून लावून घेतली. स्लॅकने आपला एक्सएमपीपीचा आणि आयआरसी या जुन्या चॅट नियमाचा रस्ता मे २०१८मध्ये बंद केला. मला हे आजही खटकतं. फ्रान्सच्या सरकारने कर्मचाऱ्यांसाठी ‘चॅप’ हा मेसेंजर उभारताना मॅट्रिक्स हे खुलं मानक निवडलं. जर्मन सैन्यानेही आपल्या मेसेंजरसाठी तेच घेतलं. सगळ्यांनी तसंच करावं असं मी म्हणत नाही. सर्व्हर स्वतः चालवायला माणसं लागतात.

बाकीच्यांना उरतो तो ब्रिज, म्हणजे इकडचा मेसेज उचलून तिकडे टाकणारा प्रोग्राम. दाखवायला तो अर्ध्या दिवसात तयार होतो आणि फसवणूक तिथेच होते. मेसेज नेणं सोपं असतं. अवघड असतं ते मेसेजचं पुढचं आयुष्य. इकडे तो एडिट झाला, डिलीट झाला, कुणी त्याखाली थ्रेड, म्हणजे उत्तरांची वेगळी साखळी, सुरू केला, तर तिकडचा कोणता मेसेज त्याचा जोडीदार, याची नोंद ब्रिजने ठेवावी लागते. स्वतःच टाकलेला मेसेज नवा समजून परत पाठवायचा नाही, नाहीतर दोन्हीकडे तोच मेसेज फिरत राहतो. एका चॅनलमध्ये सेकंदाला साधारण एकच मेसेज टाकू देणारं स्लॅक असेल, तर गर्दीत रांग लागते. आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणाऱ्या-घेणाऱ्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये असं कुलूप, असेल तर ब्रिजला मधेच मेसेज उघडावा लागतो, म्हणजे तो ज्या मशीनवर चालतो तिथे सगळं उघडं असतं.

मी स्वतः बांधलेल्या एका ब्रिजची गोष्ट सांगतो. एडिट पलीकडे नेण्याचं काम मी दुसऱ्या टप्प्यावर ढकललं होतं. एका रात्री बिघाड झाला. एका सहकाऱ्याने लिहिलं, “डेटाबेस रीस्टार्ट करा.” अर्ध्या मिनिटात त्याला चूक उमगली आणि त्याने तोच मेसेज बदलून “करू नका” केलं. आमच्याकडे बदल दिसला. पलीकडे पहिलाच मेसेज राहिला, आणि त्यांनी रीस्टार्ट केलं. त्यांची काहीच चूक नव्हती, चूक माझी होती. तेव्हापासून एडिट आणि डिलीट चालल्याशिवाय मी कुठलाही ब्रिज लोकांना वापरायला देत नाही.

जोडणी धड नसली की लोक खासगी फोनवरच्या ॲपकडे वळतात, आणि संस्थेकडे कसलीच नोंद उरत नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, सप्टेंबर २०२२मध्ये सोळा वित्तसंस्थांना मिळून ११० कोटी डॉलरहून अधिक दंड केला, तो खासगी मेसेजांवर केलेल्या कामाच्या बोलण्याची नोंद ठेवली नाही म्हणूनच.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचंही पाहा. त्याचं मूळ खातं त्याच दिवशी बंद होतं. ब्रिजने पलीकडे त्याच्या नावाने उभं केलेलं खातं मात्र कुणाच्याच यादीत नसतं, म्हणून ते उघडंच राहतं.

म्हणून खरेदीआधी एवढं करून घ्या. चाचणीच्या काळात एक चॅनल महिनाभर खरोखरच्या कामाला वापरा आणि मग तो एक्सपोर्ट करा, म्हणजे त्यातलं सगळं बाहेर काढून घ्या. स्लॅकच्या एक्सपोर्टमध्ये दिवसागणिक जेसन फाइली, म्हणजे प्रोग्रामला वाचता येतील अशा मजकुराच्या फाइली, मिळतात. मेसेजपाशी पाठवणाऱ्याचा आयडी असतो, नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते, आणि चॅनलवर टाकलेल्या फाइलींच्या जागी फक्त लिंक असतात. खातं बंद झाल्यावर त्या लिंक उघडतील का, हे विक्रेत्याकडून सहीच्या आधी लेखी घ्या.