लेकराचा मायोइलेक्ट्रिक हात घरी आणलाय? मग हे आधी बघा

नमस्कार मंडळी, मी सांगलीतनं बोलतेय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, आणि आजचा व्हिडिओ त्या आईवडिलांसाठी ज्यांच्या लेकराला कोपराखाली हात नाही, म्हणजे जन्मापासनंच नाही किंवा आपल्याकडं होतं तसं कडबाकुट्टीत नाहीतर उसाच्या चरकात सापडून गेलाय, आणि आता मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंच्या इशाऱ्यावर चालणारा बॅटरीचा कृत्रिम हात, बसवायचा ठरलंय.

सगळे पहिल्यांदा विचारतात बोटं किती हलतात, कंपनी कुठली. माझं म्हणणं, आधी सॉकेट बघा. सॉकेट म्हणजे लेकराचा उरलेला हात ज्यात घालतात तो कप. तो नीट बसला नाही तर कितीही भारी हात आणा, चालणार नाही.

कारण सांगते. तुमचा स्वतःचा हात टेबलावर ठेवा, दुसऱ्या हाताची बोटं कोपराच्या जरा खाली आतल्या बाजूला टेकवा आणि मनगट आत वाकवा. टणक लागलं ना? आता मनगट वर उचला, बाहेरचा स्नायू आवळतोय बघा. स्नायू आवळला की त्यात अगदी बारीक वीज तयार होते, मिलिव्होल्टमध्ये मोजतात इतकी कमी, आणि सॉकेटच्या आतले इलेक्ट्रोड ती कातडीवरनंच पकडतात, त्याला ऑपरेशन लागत नाही. आतला स्नायू आवळला की हात मिटतो, बाहेरचा आवळला की उघडतो. इलेक्ट्रोड जागेवरनं सरकला की हात भलतंच काहीतरी करतो आणि पोरगं वैतागतं. अगदी लहान मुलांना बऱ्याचदा एकच इलेक्ट्रोड देतात, आवळलं की उघडणार, सोडलं की आपोआप मिटणार.

ज्याला जन्मापासनं हात नाही त्याला मनगट वाकव म्हटलं तर कळत नाही हो. त्याला सांगायचं, दोन्ही हातांनी एकदमच कर, डोळे मिटून कर. सराव करताना इलेक्ट्रोड स्क्रीनला जोडतात, स्नायू आवळला की स्क्रीनवर रेष वर जाते आणि पोरं खुश होतात, खेळच होतो त्यांचा. खरं अवघड असतंय ते सोडणं. दोन्ही स्नायू एकदम आवळले की हाताला काय करायचं कळत नाही, म्हणून आवळ, सोड, आवळ, सोड हे आधी शिकवायचं, वस्तू नंतर.

घालताना हाताचा स्विच बंद ठेवा, कातडीला तेल, क्रीम, पावडर काही नको. थंडीत कातडी कोरडी पडली तर इलेक्ट्रोडच्या जागी पाण्याचं बोट फिरवा. एप्रिल-मेमध्ये उलटं, आपल्या सांगलीत घाम कसा येतोय तुम्हाला माहितीय, मधेच काढून पुसायचं. सुरुवातीला अर्धा तास, मग हळूहळू वाढवत न्या. काढल्यावर लाल वण दिसतील, ते वीसेक मिनिटांत गेले तर ठीक, नाही गेले तर घालणं थांबवा आणि सॉकेट दाखवून घ्या.

आता सरावाचं. या हातानं लिही, या हातानं जेव म्हणून मागं लागू नका, दुसरा हात चांगला असेल तर ते त्यानंच करणार आणि बरोबरच आहे त्याचं. दोन हात लागतात अशी कामं द्या. डबा धरून झाकण उघडणं, दप्तराची चेन, भडंगाचं पाकीट फोडणं. तासगावची द्राक्षं सराव झाल्यावर द्या, कारण या हाताला स्पर्श कळत नाही, किती दाबलंय ते डोळ्यानं बघावं लागतं आणि द्राक्ष लगेच फुटतं. दोन इलेक्ट्रोडवाल्या हातात अजून एक, स्नायू सैल सोडला तरी पकड तशीच राहते, उघडायची आज्ञा दिल्याशिवाय सुटत नाही. म्हणून थेरपिस्टला विचारल्याशिवाय सायकलच्या हँडलवर हा हात नको. अंघोळ, नदी, रंगपंचमी, तेव्हा काढूनच ठेवा. आणि हळद! वरच्या ग्लोव्हवरचा हळदीचा डाग निघता निघत नाही.

पोरं वाढतात तसं सॉकेट घट्ट होतं, दरवर्षी-दीड वर्षानं बदलायची तयारी ठेवा, हात घेतानाच त्याचा खर्च विचारून घ्या. आणि एखाद्या दिवशी ते म्हणालं आज नको, तर नको. काढून चार्जिंगला लावा, उद्या परत विचारा.