शेवटचं बटण

श्रोतेहो, नमस्कार.

वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली, यादीत नाव आलं, ओळखपत्र हातात पडलं, आणि उमेदवारांची नावं वाचून घरातली मुलगी म्हणते, "यातल्या कुणालाच द्यावंसं वाटत नाही." मग घरातून दोन ठरलेली उत्तरं येतात. बाबा म्हणतात, "आपल्या घरचं मत ठरलेलं आहे." आजी म्हणते, "नसेल द्यायचं तर कशाला जातेस उन्हात?" आज ही दोन्ही उत्तरं बाजूला ठेवूया, कारण मुलीचा प्रश्न खरा आहे.

यंत्रावर सगळ्या उमेदवारांच्या खाली एक बटण असतं. नोटा, म्हणजे वरीलपैकी कोणीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि त्याच वर्षाअखेरीच्या पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल, तर केंद्रावरच्या नोंदवहीत तसं लिहून घेऊन सही करावी लागे. समोर पोलिंग एजंट बसलेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालंच म्हणून समजा. नोटाने मिळाली ती गुप्तता. पुन्हा सांगतो, गुप्तता मिळाली. उमेदवार पाडण्याची ताकद मिळाली नाही. हा फरक इंदूरच्या गोष्टीइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इंदूर म्हणजे होळकरांचं, आणि सुमित्राताई महाजनांचं. चिपळूणची लेक, इंदूरची सून. १९८९ ते २०१४, सलग आठ वेळा तिथून लोकसभेवर निवडून आल्या. ताईंनंतर २०१९ मध्ये भाजपचे शंकर लालवानी खासदार झाले, आणि २०२४ ला पुन्हा तेच उभे राहिले. समोर काँग्रेसचे अक्षय कांती बम. २९ एप्रिल हा अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी बम निवडणूक कार्यालयात गेले, अर्ज मागे घेतला आणि भाजपच्या गोटात गेले. मतदान १३ मे रोजी. काँग्रेसच्या हातात दोन आठवडे होते आणि उमेदवार नव्हता.

तुम्ही विचाराल, पर्यायी उमेदवार ठेवतात ना? ठेवला होता. त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो; अपक्षाला दहा लागतात. मुख्य उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला, की पर्यायी माणूस पक्षाचा उमेदवार उरत नाही. अपक्ष म्हणून टिकायचं तर अर्जावर दहा सूचक हवेत, ते नव्हते. उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. माझं स्पष्ट मत आहे, प्रत्येक पक्षाने पर्यायी अर्जावर दहा सह्या घेतल्याच पाहिजेत. एका दुपारचं काम आहे, आणि त्यावाचून लाखो मतदारांसमोरचा एक पर्याय गेला.

मग काँग्रेसने लोकांना आवाहन केलं, नोटाचं बटण दाबा. शहरात तशी पोस्टरं लागली. उमेदवाराचा प्रचार करतात तसा शेवटच्या बटणाचा प्रचार झाला. भाजपच्या बाजूनेही कुरकुर होतीच. खुद्द सुमित्राताईंनी जाहीरपणे सांगितलं की या प्रकाराचं त्यांना आश्चर्य वाटलं, आणि आपण नोटा दाबणार असं सांगणारे फोन त्यांना येत होते. ताईंनी त्या लोकांना परावृत्त करायचाच प्रयत्न केला. पण विचार करा, आयुष्यभर एका पक्षाला मत दिलेली माणसं त्याच पक्षाच्या ज्येष्ठ नेत्याला फोन करून हे सांगत होती. यंत्रावर चौदा नावं होती, आणि पंधरावं बटण नोटाचं.

४ जूनला निकाल लागला. लालवानींना १२,२६,७५१ मतं. दुसऱ्या क्रमांकावर नोटा, २,१८,६७४. तिसरे बसपचे संजय सोळंकी, ५१,६५९. नीट ऐका, दोन लाख अठरा हजार सहाशे चौऱ्याहत्तर लोकांनी शेवटचं बटण दाबलं. साधारण दर सात मतांमागे एक. त्याआधीचा लोकसभेतला उच्चांक बिहारमधल्या गोपालगंजचा होता, २०१९ मध्ये ५१,६६०. म्हणजे गोपालगंजच्या नोटाला जेवढी मतं पडली, त्याहून एक मत कमी इंदूरच्या उमेदवारांत दुसऱ्या आलेल्या सोळंकींना पडलं.

आणि कायद्याने काय झालं? लालवानी निवडून आले, मताधिक्य ११,७५,०९२. हे मताधिक्य सोळंकींशी तुलना करून काढलेलं आहे. सव्वादोन लाखांच्या आसपासची नोटाची मतं त्या हिशेबात नाहीत. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली असती, तरी उमेदवारांपैकी पहिला आलेला माणूसच खासदार झाला असता.

आपल्याकडेही हेच घडलेलं आहे. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये आणि पलूस-कडेगावमध्ये नोटा दुसरी आली. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीतही, १२,८०६ मतं. तिन्ही ठिकाणी निकाल जागच्या जागी राहिला.

महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायतीचं मात्र वेगळं आहे. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की तिथे नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही नोटाच पुढे राहिली, तर मात्र उमेदवारांतला पहिला निवडून येतो. म्हणजे लोकसभा-विधानसभेला नोटा ही नोंदवलेली नापसंती. नगरसेवकाच्या निवडणुकीत तिला दात आहेत. दोन्हीकडे एकाच हिशेबाने वापरू नका.

म्हणून विधानसभेला मी तरुण मतदाराला सांगेन, नोटापर्यंत जाण्याआधी अर्धा तास शपथपत्रांना द्या. उमेदवार आपले गुन्हे, मालमत्ता आणि उत्पन्न ज्यात जाहीर करतो, तो नमुना २६. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचं असतं. शेवटी गोषवारा असतो, तो आधी वाचा आणि मग मागे या. बहुतेक जण गुन्ह्यांचा आकडा बघून थांबतात, आणि तिथेच चूक होते. जमावबंदी मोडून मोर्चा काढल्याची सात प्रकरणं आणि खंडणीचं एक प्रकरण, यांत मला त्या एकाची जास्त काळजी वाटते. कलम बघा, कोर्टाने आरोप निश्चित केलेत का ते बघा. उमेदवार पूर्वी उभा राहिला असेल तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवा; पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली आणि पाच वर्षांचं दाखवलेलं उत्पन्न किती, दोन्ही एकाच कागदावर लिहा. सरकारी थकबाकीचा रकाना सोडू नका. खरं तर हे गोषवारे रेशन दुकानाच्या दारावर लावले पाहिजेत. शाळेत नागरिकशास्त्रात संसदेच्या सभागृहांची सदस्यसंख्या पाठ करून घेतात, शपथपत्र वाचायला कुणी शिकवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

इतकं करूनही कुणी पसंत पडला नाही, तर नोटा दाबा, पण केंद्रावर जा. घरी बसलेल्याची नाराजी कुठल्याच रकान्यात येत नाही. झोपला होता की रागावला होता, ते आकड्यातून कळत नाही.

आता केंद्रावरचं. ओळखपत्र असून यादीत नाव नसेल तर मतदान करता येत नाही, म्हणून १९५० या हेल्पलाइनवर आधीच विचारून ठेवा. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी कागदी मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे. यंत्रावर हिरवा दिवा लागल्यावरच बटण दाबा. नावाशेजारी लाल दिवा लागतो, आणि लोकसभा-विधानसभेला शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत तुमच्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. नोटा दाबली तर तिथेही नोटाच छापून येते, ती वाचा. एका यंत्रावर सोळाच बटणं असतात. पंधरापेक्षा जास्त उमेदवार असले तर नोटा दुसऱ्या यंत्रावर गेलेली असते. आणि महापालिकेला चार जणांचा प्रभाग असेल तर चार वेळा बटण दाबायचं आहे, प्रत्येक जागेसाठी वेगळी नोटा आहे. एका जागेला नोटा आणि उरलेल्या तिघांना मत, हेही चालतं. शेवटचा लांब आवाज आल्याशिवाय तिथून हलू नका.

नमस्कार.