तारेवरून मोजलेला प्रवाह

1832 च्या जानेवारीत मायकेल फॅरडे लंडनच्या वॉटर्लू पुलावर तांब्याची तार घेऊन गेले. तार कठड्यावरून लांबवर नेली आणि दोन्ही टोकांना पत्रे बांधून ते थेम्सच्या पाण्यात सोडले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात वीज निर्माण झालीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण प्रयोग फसला. पत्र्यांमुळे आणि पाण्यातल्या फरकांमुळे वीज मोजणाऱ्या यंत्राचा काटा मनमानी हलत राहिला.

थेम्समध्ये जमलं नाही ते पुढे फ्लोरिडाच्या समुद्रात जमलं. फ्लोरिडा आणि बहामा बेटं यांच्यामध्ये जेमतेम 80 किलोमीटरची सामुद्रधुनी आहे. गल्फ स्ट्रीम या अटलांटिकमधल्या उबदार सागरी प्रवाहाचं पाणी तिथून उत्तरेकडे धावतं, सेकंदाला सरासरी 3 कोटी 20 लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांचं पाणी याच्या पासंगाला पुरत नाही! ही सामुद्रधुनी आडवी ओलांडणाऱ्या जुन्या टेलिफोन केबलच्या दोन टोकांमधला व्होल्टेज 1982 पासून चार दशकं नोंदला गेला. समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या ‘नोआ’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या मायामीतल्या प्रयोगशाळेने हे काम केलं.

खाऱ्या पाण्यात धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात. पाणी चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागलं की धन आयन एका किनाऱ्याकडे ढकलले जातात, ऋण दुसऱ्याकडे. प्रवाह जोरात, तर व्होल्टेज जास्त. केबल आडवी असल्यामुळे एका आकड्यात संपूर्ण रुंदीच्या प्रवाहाचा अंदाज येतो. जहाजाला हे जमत नाही, ते एका वेळी एकाच जागी असतं. तरीही जहाज लागतंच. तारेचे व्होल्ट म्हणजे किती पाणी, हे अधूनमधून जहाजाने प्रत्यक्ष मोजून ताडून पाहावं लागतं. सूर्यावर वादळ झालं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तारेतही गोंधळ उडतो, तो वेगळा काढावा लागतो.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. अनेक वर्षांच्या नोंदींत प्रवाह थोडा मंदावतोय असं दिसू लागलं. हवामानबदलाच्या चर्चेत ही मोठी बातमी. पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही स्थिर नसतं, आणि फ्लोरिडाच्या परिसरात ते क्षीण होत चाललंय. म्हणजे पाणी तितकंच वाहिलं तरी व्होल्टेज घटणार. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दुरुस्ती केली, तेव्हा चार दशकांतली घट जवळजवळ नाहीशी झाली. अटलांटिकच्या मोठ्या अभिसरणाचा, म्हणजे उबदार पाणी वरून उत्तरेकडे नेणाऱ्या आणि थंड पाणी खोलातून परत आणणाऱ्या चक्राचा, 2004 पासूनचा हिशेबही याच केबलच्या आकड्यांवर टेकलेला आहे, त्यातली घटसुद्धा सुमारे 40 टक्क्यांनी कमी भरली. अभिसरण मंदावण्याचा धोका टळला, असा याचा अर्थ कुणी काढू नये.

चुंबकीय क्षेत्राच्या अशा नोंदी आपल्याकडेही आहेत. कुलाब्याची वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्या नोंदी बिघडवणार होत्या.

मग मुंबईहून निघणाऱ्या केबल्सवर हे का करू नये, असं कुणी तरी विचारेलच. सामुद्रधुनीत पाणी एकाच वाटेने जातं, म्हणून हिशेब बसतो. अरबी समुद्र उघडा आहे. मान्सूनबरोबर प्रवाह दिशा बदलतात, एका ठिकाणचा उत्तरेकडचा ओघ दुसऱ्या ठिकाणच्या दक्षिणेकडच्या ओघाने कापला जातो, आणि हजारो किलोमीटरच्या तारेला फक्त बेरीज कळते.