पाहुणा, मुक्काम आणि कर

श्रोतेहो, नमस्कार.

हॉटेल सोडताना बिल हातात येतं. त्यात अगदी तळाशी एक बारीक ओळ असते. खोलीचं भाडं नव्हे, नाश्ताही नव्हे. पर्यटक कर. रक्कम बहुतेक वेळा किरकोळ, पण ती वाचून कपाळाला आठी पडते. प्रवासाला पैसे मोजले, जेवणावर कर भरला, आणि आता नुसतं आल्याबद्दल वेगळे?

ती आठी माझ्याही कपाळाला पडलेली आहे. तरी या भांडणात मी गावाच्या बाजूचा आहे. पुरता नाही, पण बराचसा.

गावातले नळ, गटारं, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याच्या गाड्या यांचा खर्च तिथे राहणारी माणसं वर्षभर पट्टी भरून भागवतात. हंगामात माणसं दुप्पट झाली म्हणून पाण्याची टाकी काही फुगत नाही. पर्यटक पैसा सोडून जातात की, असं कुणी म्हणेल. सोडतात ना! पण तो पडतो हॉटेलवाल्याच्या आणि दुकानदाराच्या गल्ल्यात. सकाळी रस्ता झाडणाऱ्याचा पगार नगरपालिका देते, आणि त्यात त्या आजीबाईंचाही वाटा असतो, ज्यांचा पर्यटनाशी संबंध एवढाच, की खिडकीखालच्या गोंगाटाने त्यांना झोप लागत नाही. त्यांच्या डोक्यावरचा भार थोडा आपण उचलला तर त्यात अन्याय कसला? फ्रान्सला हे फार लवकर सुचलं. औषधी झऱ्यांच्या आणि हवापालटाच्या गावांना मुक्कामावर कर घ्यायची मुभा तिथे 1910 मध्येच मिळाली.

घोडं अडतं ते कर कुणाकडून घ्यायचा इथे. हा कर जवळजवळ सगळीकडे मुक्कामावर असतो, कारण हॉटेलच्या नोंदवहीतून तो वसूल करणं सोपं. पण जो चार रात्री राहतो, तिथेच जेवतो, दुकानांतून हिंडतो, तो गावाला काहीतरी देऊनच जातो. सकाळी बसमधून किंवा मोठ्या जहाजातून उतरून, फोटो काढून, पाण्याची रिकामी बाटली कठड्यावर ठेवून संध्याकाळी परतणारा मात्र सुटतो. थांबणाऱ्याला दंड आणि पळणाऱ्याला माफी, असा हा उलटा न्याय.

तो सुलटा करायचा प्रयत्न व्हेनिसने केला. तिथल्या जुन्या शहरात आता 50 हजारांहून कमी लोक राहतात. 25 एप्रिल 2024 पासून, गर्दीचे 29 दिवस ठरवून, नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांकडून 5 युरो घ्यायला सुरुवात झाली. मुक्कामी पाहुणे निराळा कर भरतात, म्हणून त्यांना यातून सूट. 14 वर्षांखालच्या मुलांनाही सूट. पैसे लागायचे सकाळी साडेआठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात. चारनंतर या, फुकट फिरा! पुढच्या वर्षी दिवस वाढून 54 झाले, आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना 10 युरो पडू लागले. मला ही कल्पना तत्त्वतः पटते. पण तिथल्या काही रहिवाशांचा राग ऐकला की मी जरा थांबतो. त्यांचं म्हणणं, आमचं शहर म्हणजे तिकीट काढून बघायचं संग्रहालय झालं. राहत्या शहरात शिरायला परवाना लागावा, हे ऐकायलाच विचित्र आहे. शिवाय 5 युरोंमुळे कुणी आपली सहल रद्द करत नाही. पैसे जमले, गर्दी होती तिथेच राहिली.

गर्दी खरोखर हटवायची तर कर जबर हवा, आणि जबर कर म्हणजे खिसा बघून माणसं गाळणारी चाळणी. भूतानने 2022 मध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी दर रात्रीचे 200 डॉलर केले. वर्षभरात ते 100 वर आणावे लागले. ज्याच्याकडे पैसा त्याने डोंगर बघावा, हे मनाला पटत नाही. एक अपवाद मी करीन तो प्रशांत महासागरातल्या, कासवांसाठी प्रसिद्ध असलेल्या गॅलापागोस बेटांचा. तिथलं प्रवेशशुल्क ऑगस्ट 2024 मध्ये बहुतेक परदेशी पर्यटकांसाठी 100 डॉलरचं 200 झालं. तिथल्या कासवांना आपली कैफियत मांडायला नगरपालिका नाही. तिथे चाळणी बारीक असलेलीच बरी.

माणसांच्या शहरात मात्र मला टक्केवारी बरी वाटते. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के घेतात. दर भारी आहे, पण महागड्या खोलीत उतरणारा जास्त भरतो आणि धर्मशाळेवजा जागेत पथारी टाकणारा कमी. ठोक रकमेत हा फरक राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पर्यटकाला त्या गावात मत नसतं. त्यामुळे तिजोरीत खड्डा पडला की नगरपालिकेची नजर त्याच्याकडे वळते. त्याच्यावर बोजा टाकला तरी तो निवडणुकीत कुणाला पाडू शकत नाही. स्पेनच्या बॅलिआरिक बेटांवर 2002 मध्ये असा कर आला, तेव्हा हॉटेलवाल्यांनी रान उठवलं. पुढच्याच वर्षी सरकार बदललं आणि कर गेला. म्हणजे तो बदलायची ताकद होती ती हॉटेलवाल्यांच्या हातात, भरणाऱ्या पर्यटकाच्या नव्हे. 2016 मध्ये तो परत आला, तो त्या पैशातून कोणती कामं करायची याच्या ठरवून दिलेल्या चौकटीसह. मला बिलाच्या त्या बारीक ओळीखाली नेमकं हेच वाचायला आवडेल: या पैशातून कुठली वाट दुरुस्त झाली, कुठलं सांडपाणी शुद्ध झालं.

जपानची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे मत नसलेला पाहुणा आणि मत असलेला रहिवासी, दोघेही भरतात. जानेवारी 2019 पासून तिथे देश सोडून जाणाऱ्याच्या तिकिटातच 1000 येनचा कर धरला गेला. पाहुणा परत निघाला म्हणून तो भरतो आणि जपानी माणूस दुसऱ्या देशात पाहुणा व्हायला निघाला म्हणून. दर दोघांना एकच.

नमस्कार.