आधी घडलं, मग उमगलं

(दृश्य: नवापूर तालुक्यातलं गाव, सकाळ. शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन निघालेली मिरवणूक.)

ईस्टरच्या आधीचा रविवार. झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला, त्याची आठवण. ऊन सकाळी आठलाच चटके द्यायला लागलंय. पुढे ढोलकी, मागे बायामाणसं, मधूनच पळणारी पोरं. घरात मावची बोलणारी ही मंडळी गाणी मात्र मराठीतून म्हणतात, आणि 'होसान्ना'च्या जयघोषाला सगळ्यांचाच आवाज चढतो.

उपासनेत पास्टर जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याचा नववा अध्याय वाचतात, येशूविषयीचं भाकीत म्हणून. यरुशलेमेचा राजा येतोय, गाढवाच्या शिंगरावर बसून. शहाद्याकडून पाहुणं आलेलं एक पोरगं आईला हळूच विचारतं, "घोडा का बरं नही?"

प्रश्न रास्त आहे. पोरगं शहाद्याकडचं, म्हणजे सारंगखेड्याची यात्रा त्यानं पाहिलेली असणार. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात एकेका घोड्याची बोली लाखांत जाते. राजाला शोभेल ते तसलंच जनावर!

उत्तर लगेच पुढच्या वचनात आहे, फक्त तिथवर सहसा कुणी वाचत नाही. हा राजा एफ्राईमातले रथ आणि यरुशलेमेतले घोडे नाहीसे करील, लढाईचं धनुष्य मोडून टाकील, असं जखऱ्या म्हणतो. घोडा इथे लढाईचा आहे. राजा गाढवावर आहे, कारण तो लढायला आलेला नाही. गाढव म्हणजे गरिबाचं वाहन, असं व्यासपीठावरून सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. जखऱ्या राजाला नम्र म्हणतो, हे कबूल. पण जुन्या इस्राएलात पुढारी माणसं गाढवावर बसत, आणि शलमोन राज्याभिषेकाला गेला तो दावीदाच्या खेचरावरून.

येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्या चौघांत मत्तयाची तर गंमतच आहे. मार्क, लूक, योहान एकच शिंगरू सांगतात. मत्तय मात्र गाढवी आणि शिंगरू दोन्ही आणतो, जखऱ्याच्या ओळीत दोघांचा उल्लेख आहे म्हणून. जुन्या करारातली ओळ शुभवर्तमान लिहिणाऱ्याच्या कानात किती घट्ट बसली होती, ते यावरून कळतं.

(दृश्य: उघडं बायबल. योहान, अध्याय 12. बोट सोळाव्या वचनावर थांबतं.)

योहान हीच मिरवणूक सांगतो आणि पुढे एक वाक्य लिहून जातो. या गोष्टी शिष्यांना त्या वेळी समजल्या नाहीत. येशूचा गौरव झाल्यावर त्यांना आठवलं, की हे त्याच्याविषयी लिहिलेलं होतं आणि तसंच घडलं.

म्हणजे जे त्या गाढवाशेजारून चालत होते, त्यांनाही चिन्ह दिसलं नव्हतं. आधी घडलं, मग उमगलं. ख्रिस्ताविषयीच्या चिन्हांची भाकितं वाचायची असतील, तर हे एक वाक्य गाठीला बांधून ठेवावं.

सगळी भाकितं अशी नसतात. मीखा संदेष्टा मशीहाच्या जन्मगावाचं सरळ नाव घेतो: बेथलेहेम. हेरोदानं शास्त्र्यांना विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं. चिन्हाचं तसं नसतं. कोकरू, साप, खडक, तोडलेलं झाड. यांच्यावर कुणी पाटी लावून ठेवलेली नसते.

(दृश्य: रावेर तालुक्यातली केळीची बाग. घड उतरवलेलं खोड, बुडाशी वर आलेलं पील.)

तोडलेल्या झाडापासून सुरुवात करू, कारण खानदेशात ते समजावून सांगावं लागत नाही. घड उतरला, खोड कापलं, म्हणून बाग संपली असं रावेर-यावलचा शेतकरी म्हणत नाही. जमिनीतला कंद जिवंत असतो. बुडाशी पील फुटतं, त्यावर पिलबाग धरतात.

यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायाची पहिली ओळ अशीच आहे: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. नाताळच्या आधी ही ओळ चर्चमध्ये हमखास वाचली जाते. पण तिच्या आधीच्या, दहाव्या अध्यायाच्या शेवटच्या दोन ओळी कुणी वाचत नाही. तिथे कुऱ्हाड चालू आहे. उंच उंच झाडं पडतायत, लबानोन कोसळतंय. इ. स. पूर्व आठव्या शतकात अश्शूरची फौज एकेक राज्य आडवं करत निघाली होती. 722 च्या सुमाराला इस्राएलची राजधानी शोमरोन पडली. अश्शूरचं ते माजलेलं रान देव स्वतः तोडील, असं यशया सांगतो. त्या तोडीनंतर कॅमेरा एका खुंटावर यावा, तशी ही ओळ येते.

आणि तो खुंट दावीदाचा नाही, इशायाचा आहे. नीट बघा, राजा होता दावीद. इशाय त्याचा बाप, बेथलेहेमचा मेंढरं बाळगणारा माणूस. शमुवेल संदेष्टा राजा निवडायला त्याच्या घरी गेला, तेव्हा धाकटा दावीद मेंढरांमागेच होता. राजवंशाचं झाड इतकं खाली तोडलं जाणार, की राजा, राजवाडा, सिंहासन काही उरणार नाही. उरेल तो राजाच्या आधीचा, खेड्यातला बाप. पुढे इ. स. पूर्व 586 च्या सुमाराला बाबेलनं यरुशलेम उद्ध्वस्त केलं आणि दावीदाच्या घराण्यातला राजा पुन्हा त्या गादीवर बसला नाही. गादी गेली त्याला सहा शतकं उलटून गेली होती, तेव्हा येशूच्या शिष्यांनी ही ओळ नव्यानं वाचली. पौल रोमकरांना लिहिताना इशायाच्या याच मुळाचा दाखला देतो.

केळीची उपमा इथे थांबते. पील येणार, हे बागाईतदाराला लावणीपासून ठाऊक असतं. यशयाच्या ऐकणाऱ्याला असली काही खात्री नव्हती. त्याच्या लेखी खुंट म्हणजे सरपण.

याच अध्यायात पुढे लांडगा कोकराजवळ राहतो. यहुदी वाचक विचारतात, मशीहा येऊन गेला म्हणता, तर लांडगा अजून कोकरू कसं खातो? प्रश्न अगदी योग्य आहे, तो झटकून टाकू नये. ते येशूच्या पुनरागमनात पूर्ण होईल, असं ख्रिस्ती उत्तर आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसाच्या हिशेबानेही हे चिन्ह अजून अर्धं उघडायचं आहे.

(दृश्य: साक्रीकडचं माळरान. ठेलाऱ्यांची मेंढरं.)

आता वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाचं कोकरू. निर्गमच्या बाराव्या अध्यायात सगळा तपशील आहे, आणि तो वाचताना डोळ्यांसमोर घर उभं राहतं. महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचं. एक वर्षाचा नर, अंगाला खोड नसलेला. मेंढरांतला घ्या नाहीतर शेरडांतला, दोन्ही चालतं. ते चौदाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं. म्हणजे चार दिवस त्याला चारापाणी करायचं, पोरंही त्याच्याशी खेळली असतील, आणि चौथ्या संध्याकाळी ते कापायचं. एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीनं रक्त दाराच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या चौकटीला लावायचं. मांस शिजवायचं नाही, विस्तवावर भाजायचं. कमर कसून, पायात वहाणा, हातात काठी, असं घाईनं खायचं. आणि त्याचं एकही हाड मोडायचं नाही.

त्या रात्री मिसरमधल्या कुठल्याच इस्राएली बाईला भविष्याची घटना डोळ्यांसमोर नव्हती. थोरल्या मुलांवर येणाऱ्या मरणातून तिला पोर वाचवायचं होतं, पहाटे निघायचं होतं. चिन्हाचा हा पहिला जन्म. तो सोडून थेट कालवरीच्या क्रूसावर उडी मारली, तर कोकरू नुसतं कोडं होऊन बसतं.

योहान ते कोडं करत नाही. तो शांतपणे एकेक वस्तू मांडत जातो. पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे. योहानाच्या हिशेबात मात्र येशू मरतो तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, म्हणजे कोकरं कापली जात होती तोच. आंबट द्राक्षारसाचा बोळा येशूच्या तोंडाशी नेला जातो, तो मत्तय आणि मार्क यांच्या मते बोरूवर, योहानाच्या मते एजोबावर. एजोब हे छोटंसं झुडूप. दुसरं काही लिहिता आलं असतं, पण त्यानं तेच लिहिलं. मग शिपाई येतात. दोन्हीकडच्या क्रूसांवरच्या माणसांचे पाय मोडतात. येशू मेलेला दिसतो, म्हणून त्याचे मोडत नाहीत. इथे मात्र योहान गप्प राहत नाही, शास्त्रवचन उघड सांगतो: त्याचं हाड मोडणार नाही.

आता एक बारकावा. वल्हांडणाचं कोकरू पापाबद्दलचं अर्पण नव्हतं. त्याच्या रक्तानं घर राखलं. लोकांची पापं अंगावर घेऊन रानात जायचा तो प्रायश्चित्ताच्या दिवशीचा बकरा. आणि निमूटपणे वधाला नेलं जाणारं कोकरू आहे यशयाच्या 53 व्या अध्यायात. "जगाचं पाप हरण करणारा देवाचा कोकरा" या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या एका बोलण्यात या सगळ्यांचे धागे पिळले गेलेत. एकाच धाग्याला धरून ते उलगडत नाही.

(दृश्य: नांगरलेलं शेत, बांध. संध्याकाळ.)

साप तर आणखी अवघड. गणनाच्या 21 व्या अध्यायात अदोम देशाला वळसा घालून चाललेले इस्राएली लोक कुरकुर करतात, आणि साप येतात. ज्यांच्या गावात कुणाला ना कुणाला पान लागलेलं असतं, त्यांना ही भीती वेगळी सांगायला नको. मोशे पितळेचा साप करून खांबावर चढवतो. त्याच्याकडे जो बघेल तो जगेल. शेकडो वर्षांनी रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला येशू म्हणतो, तसंच मनुष्याच्या पुत्राला (म्हणजे त्याला स्वतःला) उंच केलं जाणं भाग आहे.

इथे जपून. साप म्हणजे ख्रिस्त, असं येशू म्हणत नाही. जुळतं ते एवढंच: उंच चढवणं आणि वर बघून जगणं. चिन्ह एका जागी टेकतं, सगळ्या अंगानं नाही.

मधली एक हकिगत शाळेत किंवा चर्चमध्ये क्वचितच ऐकू येते. तो पितळेचा साप लोकांनी जपून ठेवला आणि त्याच्यापुढे धूप जाळायला लागले. शेवटी हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. खुद्द मोशेच्या हातचा, देवाच्या आज्ञेनं घडवलेला!  दुसरे राजे, अध्याय 18, वचन 4.

चिन्हं शोधण्यात अति करणारेही होऊन गेले. 'बर्णबाचं पत्र' म्हणून एक जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, बायबलबाहेरचं. अब्राहामाच्या घरच्या 318 माणसांत त्याच्या लेखकाला येशू आणि क्रूस दिसला. कसा? ग्रीकमध्ये तेव्हा अक्षरांनीच आकडे लिहीत. दहा आणि आठ म्हणजे येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं, तीनशे म्हणजे क्रूसासारखं दिसणारं अक्षर. हिशेब चोख. फक्त अब्राहामाची गोष्ट इब्रीत लिहिलेली होती. आजही व्हॉट्सॲपवर असले आकडे फिरतात, फार तर मांडणी बदलते.

(दृश्य: चामड्याची जुनी गुंडाळी, इब्री अक्षरांचे स्तंभ.)

राहता राहिला यशयाचा दुःख सोसणारा सेवक. 1947 साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत यशयाची एक गुंडाळी सापडली. सात मीटरहून लांब, येशूच्या जन्माच्या शंभरएक वर्षं आधीची. तिच्यात या सेवकाचा 53 वा अध्याय आहे. म्हणजे ख्रिस्ती लोकांनी तो मागाहून घुसवला, असं कुणी म्हणू शकत नाही. पण अर्थ कुठला, हे गुंडाळी सांगत नाही. ते तिचं कामही नाही.

अर्थाचा प्रश्न प्रेषितांच्या कृत्यांत एक परका माणूस विचारतो. कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून हाच उतारा मोठ्यानं वाचतोय. येशूचा प्रचार करणाऱ्या फिलिप्पाला तो म्हणतो, संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? यहुदी परंपरेत बहुतेकांचं उत्तर आहे, सेवक म्हणजे इस्राएल प्रजा. आणि यशयाचा 49 वा अध्याय सेवकाला इस्राएल म्हणतोही. दोनच वचनांनी तोच सेवक इस्राएलला परत आणायला पाठवलेला दिसतो. गाठ तिथेच, मूळ मजकुरात आहे. फिलिप्पानं ती येशूच्या बाजूनं सोडवली, आणि त्याच उताऱ्यापासून बोलायला सुरुवात केली.

गुड फ्रायडेला हा भाग वाचणार असाल, तर 53 च्या पहिल्या वचनापासून धरू नका. अध्यायांची विभागणी 13 व्या शतकातली आहे आणि इथे ती चुकीच्या जागी पडली आहे. गीत सुरू होतं 52 च्या 13 व्या वचनाला, आणि त्याच्या पहिल्याच वचनात असं आहे: माझा सेवक उंचावला जाईल. खांब, साप, निकदेम आठवत असतील तर तिथून वाचा. पाठ करणाऱ्या पोरांनाही तिथूनच द्या. तीनच वचनं वाढतात.