उक्तं काम आणि बोईंग

दाबोळी विमानतळावर उतरताना कधी राखाडी रंगाचं एक विमान दिसलं तर नीट बघा. तोंडवळा ओळखीचा वाटेल. आपलं नेहमीचं बोईंग ७३७च ते, फक्त पोटात प्रवाशांऐवजी पाणबुड्या हुडकणारी यंत्रं. आयएनएस हंसा तळावरचं नौदलाचं पी-८आय. आपल्या हवाई दलातली अपाची आणि चिनूक हेलिकॉप्टरं, ती अवाढव्य सी-१७ मालवाहू विमानं, सगळी त्याच घरची. संरक्षण आणि अवकाश हा बोईंगचा वेगळा विभाग आहे. २०२४ साली त्याची विक्री जवळपास २,४०० कोटी डॉलरची होती, आणि त्याच वर्षी त्याला ५४० कोटी डॉलरचा तोटा झाला.

जगभर शस्त्रांना मागणी, मुख्य गिऱ्हाईक खुद्द अमेरिकेचं सरकार, उधारी बुडायची भीती नाही. मग तोटा होतो कसा?

तुमच्यापैकी ज्यांनी घर बांधलंय त्यांना उक्तं काम माहीत असेल. मिस्त्रीला एकच रक्कम ठरवून द्यायची. सिमेंट महागलं, भिंत पाडून परत बांधावी लागली, तरी ते त्याच्या अंगावर. दुसरा प्रकार म्हणजे जो खर्च येईल तो मालकाचा आणि वर मिस्त्रीचा मेहनताना. अमेरिकेत नव्या लष्करी यंत्राचं संशोधन वर्षानुवर्षं या दुसऱ्या पद्धतीनं व्हायचं. ते पाणबुडीवालं विमान घडवायचं काम बोईंगला २००४ साली मिळालं, तेही असंच. त्यात मालकाचे पैसे उधळले जातात ही तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. म्हणून पुढे सरकार म्हणू लागलं, उक्तं घ्या. बोईंगनं घेतलं. एक-दोन नाही, ओळीनं घेतली.

२०१८च्या ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर, महिन्याभरात तीन मोठी कामं तिच्याकडे आली. नौदलासाठी विमानवाहू जहाजावरून उडून इतर विमानांना इंधन पाजणारं वैमानिकाविना विमान, हवाई दलासाठी हेलिकॉप्टरं आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं नवं जेट. त्या जेटच्या कामाला सुमारे १,९७० कोटी डॉलर लागतील असा हवाई दलाचा आधीचा अंदाज होता. ठरली रक्कम जास्तीत जास्त ९२० कोटी. निम्म्याहून कमी! आपल्याकडे मिस्त्रीनं एवढा कमी भाव सांगितला तर घरातली म्हातारी माणसंसुद्धा विचारतील, हा वाळू कुठली वापरणार?

हिशेब असा असावा की नागरी विमानं धो धो विकली जातायत, थोडी झीज सोसू, पुढे चाळीस वर्षं सुटे भाग आणि दुरुस्तीत वसूल करू. पण महिन्याभरातच ७३७ मॅक्सचा पहिला अपघात झाला, मार्चमध्ये दुसरा, आणि मग कोविड. ज्या खिशातून झीज भरायची तोच फाटला.

अवकाशातही तेच. अंतराळवीरांना अंतराळ स्थानकावर नेण्याचं उक्तं काम नासानं २०१४ साली दोघांना दिलं: बोईंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६०. बोईंगच्या स्टारलायनर यानाचं पहिल्याच उड्डाणात घड्याळ ११ तासांनी चुकलं आणि यान स्थानकापर्यंत पोचलंच नाही. पुढे झडपा अडकल्या. २०२४ साली सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आठेक दिवसांसाठी गेले आणि २८६ दिवसांनी परतले, तेही स्पेसएक्सच्या यानातून. इथे कुणीही म्हणेल, अहो, स्पेसएक्सचंही काम उक्तंच होतं की! बरोबर आहे. म्हणून नुसत्या उक्त्याला दोष देऊन भागत नाही. स्पेसएक्सचं मालवाहू यान २०१२पासून स्थानकावर ये-जा करत होतं. त्यांनी हातातलंच वाढवलं. घडवलेली वस्तू उक्ती विकता येते. जी अजून घडायचीय तिचा भाव कागदावर बांधला की प्रत्येक चूक घरच्या पैशानं निस्तरावी लागते.

याचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे केसी-४६, हवेतल्या हवेत इंधन पाजणारं विमान. २००८ साली हे काम बोईंगची युरोपी प्रतिस्पर्धी एअरबस, तिची मालक कंपनी आणि अमेरिकेची नॉर्थ्रॉप यांना मिळून मिळालं होतं. बोईंगनं हरकत घेतली, ती मान्य झाली, पुन्हा बोली लागली, आणि २०११ साली ४९० कोटी डॉलरला विकासाचं काम बोईंगनं खेचून आणलं. एअरबसला अमेरिकी हवाई दलाच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू द्यायचं नाही, यासाठीच भाव पाडला असं माझं मत आहे. बोईंगला वाटलं, सांगाडा तर जुन्या ७६७चा, त्यात अवघड काय? अवघड तारा निघाल्या. लष्करी नियमांनुसार महत्त्वाच्या वायरींची एक जोडी दुसरीपासून ठरावीक अंतरावर हवी. ती नव्हती, पुन्हा ओढाव्या लागल्या. मग इंधनाची दांडी, बूम. ती इतकी ताठ निघाली की ए-१० सारख्या हलक्या विमानाला ती रेटता येईना. गंमत पाहा, या दुरुस्तीचे पैसे मात्र हवाई दलानं दिले, कारण दांडी किती ताठ असावी हे मान्य त्यांनीच केलं होतं. मालकानं मागाहून खिडकी हलवली तर पैसे मालकाचे, हा नियम अमेरिकेतही तोच!

कॅमेऱ्यांचं दुखणं मात्र बोईंगच्या गळ्यात. नव्या विमानात दांडी चालवणारा पुढे, वैमानिकांच्या मागे बसतो आणि खास चष्मा लावून पडद्यावर बघतो. ऊन-सावलीच्या काही कोनांत अंतराचा अंदाज चुकतो, आणि दांडी खालच्या विमानाला घासते. २०२० साली बोईंगनं स्वखर्चानं ही सगळी व्यवस्था नव्यानं करून द्यायचं कबूल केलं, आणि ते काम लांबतच गेलं. या एका विमानापायी सोसलेला तोटा ७०० कोटी डॉलरच्या वर गेलाय, म्हणजे मूळ ठरलेल्या रकमेहून जास्त.

ज्याची जागा ते घेणार, ते केसी-१३५ही बोईंगनंच बांधलेलं. त्यातलं शेवटचं १९६५ साली हवाई दलाकडे गेलं. त्याच्या शेपटाखाली एक खिडकी आहे. दांडी चालवणारा तिथे पोटावर झोपतो, खाली बघतो आणि इंधन देतो. ती विमानं अजून उडतायत.